मुंबईत मुलांना घेऊन फुकटात किंवा थोडक्या पैशांत कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले दर २०२५ अखेरचे आहेत. दोन-पाच रुपयांचा फरक गृहीत धरा. जिथे ऑनलाइन नोंदणी लागते तिथे निघण्याआधी दर आणि वेळ एकदा बघून घ्या.

मुंबईत चौघांनी घराबाहेर पाऊल टाकलं की हजार-दीड हजार जातातच. मग फुकट कसलं?

जातात, पण तिकिटावर नाही. ते टॅक्सीवर, बाटलीबंद पाण्यावर आणि दुपारी दोन वाजता भुकेने कावलेल्या मुलांना समोर दिसेल त्या हॉटेलात नेण्यावर जातात. या शहरात बघण्यासारख्या निम्म्याहून अधिक जागांना प्रवेश फुकट आहे किंवा नावापुरतं तिकीट आहे. म्हणून बेत जागेपासून न आखता प्रवासापासून आखा: एका दिवसात एकच भाग, स्टेशनपासून पायी जमतील अशी दोन ठिकाणं आणि डबा बरोबर.

लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पहिल्या दहा किलोमीटरला पाच रुपये आहे, बोरिवली ते चर्चगेट पंधरा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन परत आले तरी खर्च शंभराच्या आसपासच राहतो. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

रविवारी निघायचं की नाही?

निघा, पण शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवायची वेळ) बघूनच. मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक रविवारी साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान कुठल्या ना कुठल्या टप्प्यात ब्लॉक असतो, पश्चिम रेल्वे त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणते. जाताना दहाच्या आत पोहोचलात आणि परतीला साडेचारनंतर निघालात, तर ब्लॉक असून नसल्यासारखा. नेमकं दीड वाजता परत निघणारं कुटुंब कुर्ल्याच्या फलाटावर तासभर उभं राहतं.

दुसरी गोष्ट सुट्टीच्या वारांची. घारापुरी (एलिफंटा), बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, तिथली कान्हेरी लेणी आणि रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय सोमवारी बंद असतं. राणीची बाग बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर महापालिका सहसा त्या दिवशी बाग उघडी ठेवते आणि गुरुवारी बंद. दर वर्षी दोन-तीनदा हा गोंधळ होतो आणि गुरुवारी सकाळी फाटकाबाहेर हिरमुसलेली मुलं दिसतात.

राणीच्या बागेचं तिकीट किती, आणि पेंग्विन खरंच दिसतात का?

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचं तिकीट मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं एकत्र तिकीट १०० रुपयांना मिळतं. खिडकीवर ते आपणहून मागावं लागतं, नाहीतर सुटी चार तिकिटं फाडली जातात. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचा हिशोब वेगळा.

पेंग्विन नक्की दिसतात. ते वातानुकूलित इमारतीत काचेपलीकडे आहेत, त्यामुळे ऊन-पावसाचा प्रश्न नाही. अडचण रांगेची आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत दुपारनंतर रांग इतकी वाढते की बाकीची बाग बघायला वेळच उरत नाही. म्हणून साडेनऊला फाटक उघडताच आत जा, थेट पेंग्विनकडे वळा आणि मग उरलेले प्राणी बघा. एरवीही वाघ-बिबटे दुपारी सावलीला झोपलेले असतात, त्यांना बघायची वेळ सकाळचीच. तिकीटखिडकी संध्याकाळी पाचच्या आधी बंद होते. प्लास्टिकच्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, डबा कापडी पिशवीत ठेवा.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटं चालावं लागतं. फाटकाजवळच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय. तिकीट अगदी किरकोळ, सुट्टी बुधवारीच. आतली मातीची छोटी माणसं, म्हणजे वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख आणि कामधंदे दाखवणाऱ्या बाहुल्या, मुलं नाक काचेला लावून बघतात. आवारात दगडी हत्ती उभा आहे, तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. आणि काळा घोडा चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही आता राणीच्या बागेतच आहे. मुलांना आधी सांगून ठेवलं तर दोन्ही शोधण्यात अर्धा तास मजेत जातो.

अगदी एकही रुपया न देता बघता येईल असं काय आहे?

फोर्टात सर फिरोजशाह मेहता रस्त्यावरच्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. प्रवेश फुकट. ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंत सगळं एका मजल्यावर, थंडगार हवेत बघून होतं. बँकेच्या सुट्टीच्या दिवशी मात्र दार बंद, हे विसरू नका. आठ वर्षांवरच्या मुलांना इथे तासभर पुरतो, त्याहून लहान मुलं वीस मिनिटांत कंटाळतात.

जहांगीर कलादालन काळा घोड्याला. प्रवेश फुकट, वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात आणि चित्रकार बहुधा दालनातच बसलेले असतात. मुलांनी जाऊन ‘हे कशाने रंगवलं?’ असं विचारलं तर बहुतेक जण हौसेने सांगतात. तिथून गेटवे ऑफ इंडिया दहा मिनिटांवर. तिथे बॅगा तपासतात, रविवारी संध्याकाळी त्याच रांगेत पंधरा-वीस मिनिटं जातात. काळा घोड्यालाच असलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उत्तम आहे, पण मोठ्यांचं तिकीट शंभराच्या वर, तेव्हा ते वेगळ्या दिवसासाठी ठेवा. त्यासाठी अख्खा दिवस हवाच.

गावदेवीचं मणिभवन ही तिसरी जागा. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की इथे उतरत. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. पाठ्यपुस्तकात दांडीयात्रा शिकलेलं मूल तिथे आपोआप थांबतं. ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून दहा-पंधरा मिनिटांची चाल, वाटेत ऑगस्ट क्रांती मैदान. पुढे तेवढंच चाललं की गिरगाव चौपाटी. अर्ध्या दिवसाचा यापेक्षा चांगला फुकट बेत दक्षिण मुंबईत सापडणं कठीण.

मलबार हिलचा तो झाडांमधला लाकडी पूल फुकट आहे का?

फुकट नाही, २५ रुपये आहेत. मार्च २०२५ मध्ये तो सुरू झाला. लांबी ४८५ मीटर, मध्ये एका ठिकाणी पायाखाली काच. एका तासाच्या गटात मोजक्याच लोकांना सोडतात आणि नोंदणी ऑनलाइन करावी लागते. शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा लवकर भरतात. शेजारीच कमला नेहरू पार्क आणि तिथला म्हातारीचा बूट आहे, त्याला पैसे पडत नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलांना पुलापेक्षा बूटच जास्त आवडतो. गिरगाव चौपाटीकडून सिरी रोडने वर चढता येतं, चढ दमवणारा पण सावलीचा आहे. उतरताना तोच रस्ता धरा, टॅक्सी शोधत बसू नका.

समुद्रकिनारी भरती-ओहोटी बघायची कशी?

भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीची वेळ ठरवायला एवढं पुरेसं आहे. मिनिटाचा हिशोब हवा असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

हे कशासाठी उपयोगी? एक म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरचे जीव बघायला. हाजी अली, वरळी आणि वांद्र्याचा कार्टर रोड इथे मोठ्या ओहोटीला खडकांमधली डबकी उघडी पडतात. त्यांत शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी, नशिबात असेल तर छोटा ऑक्टोपसही दिसतो. मोठी ओहोटी पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे येते. द्वितीया-तृतीयेला ती सकाळी साडेसात ते साडेआठच्या आसपास पडते आणि मुलांना तीच वेळ सोयीची. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाणी परत चढायला लागलं की लगेच निघा. पायात खाच असलेले बंद बूट हवेत, स्लिपर शेवाळावर टिकत नाहीत. दगड उलटवू नका आणि शंकूच्या आकाराचे शंख हातात घेऊ नका, त्यांतल्या काही जिवांचा डंख विषारी असतो.

दुसरा उपयोग फ्लेमिंगोंसाठी. डिसेंबर ते मे या काळात ते ठाणे खाडीत असतात. ओहोटीला ते चिखलात दूरवर पसरून खातात, भरतीने चिखल झाकला की उडून किनाऱ्यालगतच्या पाणथळ जागी येतात. म्हणून सीवूड्‍स-दारावे स्टेशनजवळच्या तळ्यांवर त्यांना बघायचं तर भरतीची वेळ धरा. द्वादशी-त्रयोदशीला भरती सकाळी नऊ-दहाला येते, ऊनही फार नसतं. ओहोटीच्या वेळी गेलेल्यांना नुसतं तळं दिसतं आणि मग ‘यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत’ अशी बातमी पसरते. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून बोटीनेही नेतात, पण ते चौघांना स्वस्त पडत नाही.

चौपाटीवर मुलांना पाण्यात सोडायचं का?

गिरगाव, दादर, जुहू कुठेही पोहायला नाही. घोट्याइतक्या पाण्यात, हात धरून, आणि तेही पावसाळा सोडून. जुलै ते सप्टेंबर या काळात निळ्या रंगाचे जेलीफिश किनाऱ्याला लागतात आणि गणेश विसर्जनाच्या दिवसांत पाकट या काटेरी शेपटीच्या माशांचाही धोका असतो. महापालिका दर वर्षी सूचना देते ती उगाच नाही. जेलीफिश लागला तर चोळायचं नाही. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा जुन्या कार्डाच्या कडेने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा. पाकटाचा काटा लागला तर सरळ रुग्णालय.

दादर चौपाटीला चैत्यभूमीजवळ पाण्यावर बांधलेला सज्जा आहे, तिथून सागरी सेतू समोर दिसतो. बसायला जागा, प्रवेश फुकट, पाय ओले न करता समुद्र. ६ डिसेंबरच्या आसपास मात्र तिथे देशभरातून लाखो लोक अभिवादनाला येतात, त्या दिवसांत नुसतं फिरायला म्हणून जाऊ नका. त्यासाठीच जाणार असाल तर शिवाजी पार्कातले पुस्तकांचे स्टॉल मुलांना जरूर दाखवा.

सागरी किनारा मार्गालगतचा नवा पदपथ कसा आहे?

लांबलचक आणि मोकळा: प्रियदर्शिनी पार्क ते वरळी, सव्वापाच किलोमीटर. ऑगस्ट २०२५ पासून लोकांसाठी खुला. मोटारींचा रस्ता ओलांडायचा नाही, भुयारी वाटेने आत जायचं. सावली नाही, म्हणून पाचच्या आधी जाण्यात अर्थ नाही. सायकल शिकणाऱ्या मुलांना सोन्यासारखी जागा. आत शिरण्यापूर्वी शौचालय उरकून घ्या, आत गेल्यावर परतीचं अंतर लहान मुलांना झेपत नाही.

बोटीत बसायचा हट्ट आहे. घारापुरी परवडेल?

चौघांना स्वस्त नाही. गेटवेहून बोटीचं येण्याजाण्याचं तिकीट मोठ्यांना माणशी अडीचशेच्या वर. लेण्यांचं तिकीट ४० रुपये (पंधरा वर्षांखाली फुकट), त्यावर बेटावरचा छोटा कर आणि हवी असल्यास धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंतची छोटी गाडी. प्रवास एका बाजूने तासाभराचा, वर सुमारे १२० पायऱ्या. वर्षातून एकदा जाण्यासारखी जागा आहे, पण ‘बोट’ हाच हट्ट असेल तर वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढला जाणारी फेरीबोट घ्या. पाच मिनिटांची खाडी, तिकीट दहा रुपयांच्या आसपास. पलीकडे उतरा, कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेले बोंबील बघा, परत या. सात वर्षांखालच्या मुलांना दोन्ही बोटींतला फरक कळतही नाही. लाइफ जॅकेट दोन्हीकडे घाला, मुलांच्या मापाचं मागून घ्या. समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात.

जमिनीवरची स्वस्त सफर कुठली?

दुमजली बस. जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित आहेत. सीएसएमटी ते एनसीपीए असा ए-११५ चा मार्ग आहे आणि वातानुकूलित बेस्टचं किमान भाडं १२ रुपये. वरच्या मजल्यावर समोरच्या काचेपाशी बसायचं तर सीएसएमटीच्या सुरुवातीच्या थांब्यावरच चढा. मधल्या थांब्यावर ती जागा मिळत नाही. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ नोकरदारांची गर्दी असते, ती टाळा. दिवसभर बसनेच हिंडणार असाल तर ७५ रुपयांचा दैनिक पास आहे, पण थोड्याच छोट्या फेऱ्या असतील तर तो महाग पडतो.

विज्ञानाची आवड असलेल्या मुलांसाठी?

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. प्रवेश शंभराच्या आसपास, १९८५ पासून चालू, वर्षात फक्त होळी आणि दिवाळीला बंद. मेट्रो ३ चं सायन्स सेंटर स्थानक जवळच आहे. आतले त्रिमिती खेळ आणि खास प्रयोग यांची तिकिटं वेगळी असतात आणि खर्च तिथे वाढतो. ती न घेताही दिवस पुरतो, कारण खरी गंमत बाहेरच्या बागेत आहे: वाफेचं इंजिन, मुंबईची जुनी ट्राम, मरुत लढाऊ विमान आणि हाताने चालवून बघायची यंत्रं. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्यामुळे आजोबा बरोबर असतील तर ट्रामपाशी गोष्टी निघणारच. आधी उन्हाच्या वेळी आतली दालनं, मग बाग चारनंतर, असा क्रम ठेवा.

दहा वर्षांवरच्या मुलांसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) ‘चाय अँड व्हाय?’ कार्यक्रम आहे. शास्त्रज्ञ साध्या भाषेत बोलतात, प्रश्न कितीही विचारा, प्रवेश फुकट. महिन्यातून दोन रविवारी सकाळी असतो.

राष्ट्रीय उद्यानात माकडं खरंच डबा पळवतात?

हो. त्यांना रंगीत वेफर्सची पाकिटं आणि हातातली प्लास्टिकची पिशवी ओळखू येते. डबा पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवा आणि माकडं दिसत असताना उघडू नका. बोरिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येतं, प्रवेश शंभराच्या आसपास. कान्हेरी लेणी फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत आहेत, आतल्या बसने जा आणि उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस किती वाजता ते विचारा. लेण्यांचं तिकीट वेगळं, पंधरा वर्षांखाली फुकट. शंभराहून अधिक लेणी आहेत, सगळी बघायचा अट्टहास नको. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, तिथल्या उंच बुद्धमूर्ती आणि खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या एवढं दाखवलं तरी मुलांच्या लक्षात राहतं.

डब्यात काय न्यावं?

मुंबईच्या दमट हवेत चार तास टिकेल ते: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, गूळपोळी. दहीभात आणि ओल्या खोबऱ्याचं काहीही दुपारपर्यंत आंबतं. बटाट्याची कोरडी भाजी पूर्ण गार करून भरा, गरम भरली की वाफ धरून खराब होते. पाणी मोठ्यांना माणशी एक लिटर, मुलांना पाऊण. चौपाटीवर भेळ खायचीच असेल तर बसण्याआधी भाव विचारा.

मे महिन्याच्या सुट्टीत नाटक बघायला नेलं तर?

न्याच. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचं गडकरी रंगायतन इथे सुट्टीत बालनाट्यं लागतात. बाल्कनीचं तिकीट स्वस्त असतं आणि खिडकीवर घेतलं तर ऑनलाइनचा वरचा आकार वाचतो. चार वर्षांखालचं मूल अंधाराला घाबरलं तर बाहेर पडायला सोपी अशी कडेची खुर्ची मागा.

गणपती बघायला लहान मुलांना कुठे न्यायचं?

लालबागच्या मोठ्या रांगेत नको. तिथे तासन्‌तास जातात आणि बाहेर पडायला वाट नसते. चर्नी रोडला उतरून गिरगावात शिरा. खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासूनचा, मूर्ती आजही छोटी आणि देखावा साधा. तिथून वाड्यावाड्यांतून तासाभरात सात-आठ गणपती होतात. खोताची वाडीही जवळच आहे, पण ती लोकांची राहती घरं आहेत, खिडकीतून आत कॅमेरा घालू नका. शनिवार-रविवार सोडून दुपारी चार ते सात ही वेळ बरी.

जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला न्यावं का?

न्यावं, सगळं फुकट आहे. नऊ दिवस चालतो, मुलांच्या कार्यशाळांना आधी नोंदणी लागते आणि त्या भरभर संपतात. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तिथे बाबागाडी हलत नाही, मंगळवार-बुधवारची दुपार निवडा.

गर्दीत मूल हरवलं तर?

निघतानाच मुलाच्या दंडावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा आणि सकाळी सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे दाखवता येतात. मुलाला सांगून ठेवा: चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, शोधत फिरू नकोस, आणि पोलीस किंवा बाळ घेतलेल्या बाईंना सांग. मोठ्यांनी ११२ किंवा बालमदतीसाठी १०९८ ला फोन करावा, रेल्वेत असाल तर १३९. एका मोठ्याने शेवटी मूल दिसलं त्या जागेवरून हलू नये, दुसऱ्याने शोधावं. लोकलमध्ये मूल चढलं आणि तुम्ही राहिलात, किंवा उलटं झालं, तर ‘पुढच्या स्टेशनला उतरून फलाटावरच थांबायचं’ हा नियम घरी दोन-तीनदा बोलून घ्या.